केसभर ढिलं

शिवऱ्याच्या सोनबाला मोडलेली वस्तू दिसली की आनंद व्हायचा, आणि न मोडलेली दिसली की त्याहून जास्त. मोडलेली वस्तू काय, कुणीही दुरुस्त करतो. चांगली चाललेली वस्तू सुधारायला मात्र जातिवंत कारागीर लागतो, असं त्याचं मत होतं. उभी हयात मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून काढून तो गावी परतला, तेव्हा गावानं त्याचं तोंडभर कौतुक केलं. पुढं पुढं तो रस्त्यानं येताना दिसला की लोक हातातलं खुरपं पाठीमागं लपवायला लागले.

ह्या सगळ्याचा भार पडला तो सगुणाबाईवर. वर्षाकाठी शिमग्याला आणि गणपतीला तेवढा नवरा पाहिलेली बाई ती. त्या बाईला तो एकदम बारा महिने मिळाला. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं, हे खोटं नाही. मग त्यानं तिच्या जात्याचा खुंटा बदलला. नवा खुंटा इतका गोल आणि गुळगुळीत की हातात ठरेना. दळताना हात सटकायचा आणि बोटं भिंतीवर आपटायची. तिनं गुपचूप त्याला चिंधी गुंडाळली आणि दळायला लागली. सोनबानं चिंधी पाहिली. त्या दिवशी जेवताना तो उसासे टाकत राहिला.

सोनबाचा सल्ला खोटा असता तर एक बरं झालं असतं. पण तो खरा असायचा, हीच मोठी अडचण. "कानस पुढं ढकलताना कापती, मागं वढताना न्हाई. तवा मागं येताना उचलून घ्यावी, न्हाईतर दात मरत्यात." खरं होतं. "कानशीला आदी खडू चोळावा, म्हंजी कीस अडकत न्हाई." हेही खरं. "बोथट हत्यारच हात कापतं, धारेचं न्हाई." ह्याला तर कुणी नाही म्हणावं? पण हे तो सांगायचा कुणाला, तर विस्तव मागायला आलेल्या बाईला. एकदा पलीकडच्या आळीतून मयताचा सांगावा घेऊन माणूस आला, तर तिरडीचा बांबू कापताना करवत कशी धरायची ते त्यानं त्याला उभं करून दाखवलं. तो माणूस बिचारा रडायचंच विसरला.

त्याच्या सगळ्या शहाणपणाचा गाभा मात्र एका शब्दात होता. केसभर. जी वस्तू दुसऱ्या वस्तूत सरकते किंवा फिरते, तिच्या चहूबाजूंनी केसभर जागा ठेवावी. जास्त नाही, कमी नाही. आता केसभर म्हणजे जराशी, असं आपण धरून चालतो. सोनबाचं केसभर म्हणजे खराखुरा केस. दोन्ही वस्तूंच्या मधल्या फटीत केस घालायचा आणि हलकेच ओढायचा. अडकत अडकत निघाला तर माप बरोबर. तुटला तर घट्ट. सुळकन आला तर ढिलं. त्याचं स्वतःचं डोकं कारखान्यातच ओसाड झालेलं. तेव्हा काम रंगात आलं की तो चुलीपाशी यायचा आणि म्हणायचा, "सगुणे, जरा डोकं हिकडं कर."

ती करायची. नवऱ्यानं डोकं मागितलं तर काय म्हणणार? हळूहळू तिच्या डाव्या कानामागं बोराएवढी जागा मोकळी झाली. पदर डोक्यावरून होता म्हणून ती जगाला दिसत नव्हती, इतकंच.

केसभराचा पहिला मोठा पराक्रम घराच्या दारानं पाहिला. दाराच्या आतून भिंतीतल्या खोबणीत सरकणारा जुना अडसर डुगडुगतो म्हणून सोनबानं नवा तासला. केस लावून तासला. उन्हाळाभर तो असा सरकायचा की येणाऱ्या-जाणाऱ्याला सोनबा मुद्दाम सरकवून दाखवायचा. आषाढात चार दिवस झड लागली आणि एके सकाळी अडसर हलेना. फुगून तो भिंतीत जाम बसला होता. नवरा, बायको आणि लेक फुलाबाई घरात अडकले. शेवटी शेजारच्या ठकुबाईच्या नवऱ्यानं कौलं उतरवली आणि तिघांना वरून बाहेर काढलं. सोनबा भिजत छपरावर बसला, आणि कौलं पुन्हा बसवताना एकावर एक किती चढवावं ते त्यानं सगळ्या आळीला समजावून सांगितलं. मग खाली उतरून बायकोला म्हणाला, "माझं काम चोख व्हतं. पावसाळी हवेत तुझा केस बारीक झाला."

त्या दिवशी फुला इतकी हसली की तिला ठसका लागला. सगुणाबाईला मात्र हसू आलं नाही. उपवर पोरीच्या घराची कौलं उतरली, ही गोष्ट चार गावं जाणार होती.

तरी फुलाचं लग्न झालं, आणि चांगल्या घरी झालं. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ रायबाचं घर. शेतीभाती, दारात बैलजोडी. रस्त्यावरून मोटारी जात-येत असत आणि पुलाच्या अलीकडं तापून उभ्या राहत. रायबा त्यांना पाणी नेऊन द्यायचा आणि डायवर मोटारीखाली शिरला की आपणही वाकून बघत बसायचा. लग्नात अक्षता पडत असताना दोन्ही व्याही मांडवात नव्हतेच. ते बाहेर बैलगाडीच्या धुरेवर बसून आसाला वंगण किती द्यावं ह्यावर बोलत होते. पाहुण्यांचं सूत जमलं म्हणून सगुणाबाईला तेव्हा आनंदच झाला.

जमलं नव्हतं ते विहिणीचं. भामाबाई, रायबाची बायको, लग्नात गोड बोलली होती. दोन महिन्यांत तिचा सूर बदलला. दिवाळीला फुला आली ती दोन रात्री राहून परत गेली. संक्रांतीला बोलावणं धाडलं तर "सवड न्हाई" असं उत्तर आलं. शिमग्यालाही तेच. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं सगुणाबाई चौकशी करायची. लेक बरी आहे म्हणायचे. पण बरी आहे तर धाडत का नाहीत? सगुणाबाईनं सगळ्या बाजूंनी विचार केला. रुखवतात काही कमी पडलं असेल. नाहीतर कौलांची गोष्ट सारोळ्याला पोचली असेल. रात्रंदिवस तिला तेच लागून राहिलं.

ह्याच काळात, शिमग्याआधी माघात, पुण्याहून लेथ आली, लाकूड-लोखंड फिरवून गोल तासायचं यंत्र. जुनी, पायानं चालवायची, बिडाची, तिघांनी उचलून गोठ्यात ठेवलेली. गाय बाहेर छपरात गेली. सोनबानं लेथला खोबरेल पाजलं, हळदकुंकू वाहायला आलेल्या बायांना "लोखंडाला वलं कुकू लावू नका, गंजतं," म्हणून हाकललं, आणि त्या दिवसापासून घरात घरघर सुरू झाली. लाटणी झाली, खुंट्या झाल्या, भवरे झाले. वेल्ह्याकडचे दोघेजण तर नुसती लेथ फिरताना बघायला डोंगर उतरून आले आणि भाकरी खाऊन गेले.

आणि चैत्रात, पुण्याच्या बाजाराला चाललेल्या गाडीबरोबर, सारोळ्याहून सोऱ्या आला.

तो भामाबाईचा सोऱ्या होता. तिच्या आईनं भोरच्या तांबटाकडून घडवून तिला आंदण दिलेला, पितळी, दोन कानांचा, चिंचेनं घासून पिवळाधमक ठेवलेला. तळाला भोकांची चकती, आणि वरून दाबायला लाकडी दट्ट्या. दट्ट्या ढिला होता, म्हणून त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. असा सोऱ्या त्या भागात दुसरा नव्हता. गाडीवाल्यानं निरोप सांगितला, "भामाबाईनं सांगितलंय, कुरडया करा. सावकाश वापरा. परत धाडायची घाई न्हाई."

लेक धाडत नाही आणि सोऱ्या धाडते! सगुणाबाई त्या निरोपाचा अर्थ लावून दमली. ठकुबाई म्हणाली, "पारख करती तुझी. इहिनी अशाच आसत्यात. वस्तू कशी परत येती त्ये बघंल, आन मग पोरगी धाडायची का न्हाई त्ये ठरवंल."

सगुणाबाईला ते पटलं. तिनं ठरवलं, सोऱ्या आला त्याहून लखलखीत परत जाईल, आणि बरोबर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची पाटी जाईल. त्या पाटीबरोबर आपण निरोप धाडायचा: आखितीच्या सणाला लेक धाडा. मग नाही म्हणायला भामाबाईला तोंड राहणार नाही.

सोऱ्या तिनं कणगीत, धान्याच्या आत पुरून ठेवला. चोराच्या भीतीनं नव्हे.

गहू भिजत घातले. कुरडईचे गहू भिजले की माघार नसते. आंबले की वाटायचे, पिळून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. गव्हाला वास यायला लागला तसा तिनं सोऱ्या बाहेर काढला, धुतला आणि अंगणात उन्हाला ठेवला. गव्हाचं पाणी बदलायला आत गेली आणि परत आली, तर सोनबा अंगणात उकिडवा बसून, सोऱ्या कानापाशी धरून त्यातला दट्ट्या हलवत होता.

"डुगडुगतो," तो म्हणाला.

"डुगडुगू द्या."

"आन ही चिंधी? पितळंच्या जिनसाला चिंधी? कारखान्यात असं काम कुनी केलं असतं तर सायबानं हाकलून दिलं असतं."

"अवं, इहीनबाईंची वस्तू हाय. तिला हात लावू नका. तुमच्या पाया पडते."

"इहीनबाई नाव काढतील माझं."

"लाकूड पानी पितं. अडसराचं काय झालं, इसरलात?"

"त्यो बाभळीचा व्हता. ह्यो सागवान." सोनबानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "आन तवा लेट व्हती का आपल्याकडं? हातानं तासल्यालं त्ये. लेटवर गोल म्हंजी गोलच."

तिनं त्याच्या हातातून सोऱ्या ओढून घेतला. दट्ट्या मात्र त्याच्याकडंच राहिला, आणि माप घ्यायला सोऱ्याही त्यानं मागून नेलाच. गोठ्यातून घरघर सुरू झाली. सगुणाबाई पाणी बदलत होती आणि देवाचं नाव घेत होती. थोड्या वेळानं तो आला. "सगुणे, जरा डोकं हिकडं कर." केस उपटला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते केसाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाटा पडल्या, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली, आळीतल्या बाया जमल्या. चुलीवर हंडाभर चीक रटरटत होता. सोनबानं नवा दट्ट्या आणला. खरं सांगायचं तर देखणा होता. त्यानं तो रिकाम्या सोऱ्यात वरून सोडला. कुणी हात लावला नाही, आणि दट्ट्या आपल्याच वजनानं हळूहळू, एखाद्या जावयासारखा, डौलानं खाली उतरला. चकतीच्या भोकांतून हवा फस्सकन बाहेर आली. बाया तोंडाला पदर लावून "अगं बया!" म्हणाल्या. ठकुबाईनं तर पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्यानं तीनदा दाखवलं.

पहिला घाणा अप्रतिम पडला. दुसराही. तारा कशा सारख्या, एकही तुटलेली नाही. सगुणाबाईच्या मनात आलं, आपणच उगा माणसाला बोल लावतो. खाटेवर गोल गोल कुरडया उन्हात चमकत होत्या, आणि ती मनातल्या मनात त्या पाटीत रचत होती.

चौथ्या घाण्याला दट्ट्या अर्ध्यात थांबला.

ठकुबाईनं दाबला. सगुणाबाईनं दाबला. दोघींनी मिळून दाबला. वर येईना, खाली जाईना. गरम चीक आणि वाफ पिऊन सागवान फुगलं होतं आणि पितळेला असं घट्ट धरून बसलं होतं की जणू दोन्ही एकाच ओतीतून निघालेत. हंड्यातला चीक एकीकडं निवत चालला, त्याच्यावर साय धरायला लागली.

"जुना दट्ट्या कुठाय?" सगुणाबाई ओरडली. "त्यो आना! आधी ह्यो काढा आन त्यो आना!"

सोनबा एक पाऊल पुढं आला. त्याच्या हातात कानस होती. तिला नवी, सुबक मूठ बसवलेली होती. मुठीचं लाकूड सगुणाबाईनं ओळखलं. कालपर्यंत त्याला चिंधी गुंडाळलेली होती.

"जुनं लाकूड मुरलेलं आसतं," सोनबा म्हणाला. "मुठीला लई चांगलं."

सगुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी दारात थांबली. पुढं रायबा. मागं, धुळीनं माखलेली, भामाबाई.

झालं ते असं. सोऱ्या पोचवून पुढं पुण्याला गेलेला गाडीवाला सारोळ्याला परतला आणि म्हणाला, की तुमच्या व्याह्यांच्या गोठ्यात चक्राची लेट आलीय, लोखंडाचं लोणी करती. हे ऐकून रायबाला जेवण जाईना. आणि भामाबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. नवऱ्यानं बैल जुंपले तशी तीही न बोलावता गाडीत चढली होती.

रायबानं पाय धुतले नाहीत की गूळपाणी घेतलं नाही. "लेट कुठाय, इवाई?" म्हणत तो आत आला आणि सोऱ्यापाशी थबकला. एका नजरेत त्याला सगळं कळलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"आडाकला?"

"आडाकला," सोनबा म्हणाला. "ह्यो असा लेटवर चढवतो आन मधनं भोक पाडत जातो. दट्ट्याचा भुसा करतो."

"भोक नगं. हत्यार पितळंला लागंल. इस्तवात घाला. पितळ फुगंल, आपसूक सोडंल."

"इस्तवात कान वितळत्यात, इवाई. डाक देऊन जोडल्यालं हायती त्ये."

"मग हातोडा द्या."

दोघांनी एकेक कान धरला. सगुणाबाई खांबाला टेकून उभी होती. सोऱ्या आता गेलाच होता. तिच्या डोळ्यांपुढं फुला होती, सारोळ्याच्या चुलीपुढं बसलेली, आणि जन्मभर टोमणे ऐकणारी: तुझ्या बापानं माझ्या आईचा सोऱ्या खाल्ला. आखिती गेली, पंचमी गेली, दिवाळीही गेली.

तेवढ्यात भामाबाई पुढं झाली. तिनं दोघांच्या हातांतून सोऱ्या काढून घेतला, दट्ट्यासकट, आतल्या चिकासकट. खाटेशेजारी पाट होता त्यावर ती बसली, सोऱ्या मांडीत घेतला आणि वरून पदर ओढला.

"आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

कुणी लावला नाही. पण सोनबाला गप्प बसवत नव्हतं. व्याह्यांसमोर आपलं काम खोटं ठरतंय, हे त्याला सहन होईना. "इवाई, चूक माझी न्हाई. माप केसभरच व्हतं. केस दावतो तुमाला. सगुणे, जरा डोकं हिकडं कर." आणि सगळ्या आळीदेखत त्यानं बायकोच्या पदराला हात घातला. पदर सरकला, आणि कानामागची ती बोराएवढी जागा उन्हात उघडी पडली.

सगुणाबाईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"थांबा, इवाई," भामाबाई म्हणाली. आवाज वेगळाच होता. "केसाचं मागनं बघू. ह्यास्नी आदी लेट दावा. ह्यो मानूस कालपास्नं जेवला न्हाई लेटपायी."

एवढं पुरे होतं. दोन्ही व्याही हातात हात घालून गोठ्याकडं गेले. लगेच घरघर सुरू झाली.

सगुणाबाई विहिणीपुढं मटकन बसली. "इहीनबाई, मला काय बोलायचं त्ये बोला. माझ्या पोरीला बोलू नका. तिचा ह्यात काय दोस न्हाई."

भामाबाईनं गोठ्याकडं एकदा पाहिलं. तिनं आपल्या डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि डावा कान पुढं वाकवला. कानामागं बोराएवढी जागा होती. तिच्यावर नवे, अर्ध्या बोटाचे केस उभे राहिले होते.

"लगनात तुमच्या मालकांनी शिकीवलं ह्यास्नी," ती म्हणाली. "केसभर. धुरंवर बसून. तवाधरनं आमच्या घरात एक जिन्नस धड ऱ्हायला न्हाई. गाडीच्या चाकाची खीळ, मोटंचं चाक, पाटाचं पाय. म्या मनात तुमच्या घराला लई शिव्या दिल्या बघा. चैतात ह्येंची नदर सोऱ्यावर गेली, तवा म्हनलं ह्यो कुठंतरी लांब धाडावा. तुमच्याकडं लेट आलीया ह्ये कुनाला ठावं!"

सगुणाबाईला हसावं की रडावं कळेना. घाई नाही, असा निरोप होता. खरोखरच घाई नव्हती.

"आन फुली?" तिनं विचारलं. "तिला का धाडत न्हाई?"

"कशी धाडू?" भामाबाई म्हणाली. "ह्येंनी पैल्यांदा जात्याचा खुंटा बदलला, तवा म्या डोकं धरून बसले, आन ती हसाया लागली. मला राग आला. तर म्हनती, आत्याबाई, खुट्याला चिंधी गुंडाळा, आमच्या आईनंबी गुंडाळलीया. मग म्या बगत गेले. ह्ये काय उचकटत्यात, काय लपवायचं, कवा दुसऱ्या कामाला लावायचं, समदं तिला ठावं. आईच्या घरी शिकून आल्याली! एवढं आंदण कुनी दिलं नसंल लेकीला. ती दोन रातीला हिकडं आली, तेवढ्यात ह्येंनी माझं दार बाहेरनं जाम केलं."

सगुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं जी आपल्या घराची लाज म्हणून झाकली, तिच्यावरच पोरगी सासरी उभी होती. कौलातून बाहेर निघताना फुला का हसत होती, ते तिला आज कळलं.

"आन ह्ये केस?" ती विहिणीच्या कानामागं बघत म्हणाली. "परत कसं आलं? काम सोडलं का त्येंनी?"

"ह्ये कवा काम सोडत्यात!" भामाबाईनं पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत काळ्या, राठ केसांचा झुबका. "धनगराच्या काळ्या शेळीची दाढी. फुलीचीच अक्कल. ह्येंनी केस मागितला की डोक्याला हात लावायचा, कळ आल्यावानी करायची, आन ह्यो द्यायचा. जाड आसतो ना, तवा समदं ढिलं व्हतं. आन ढिलं झालं की चालतं! आता आमच्याकडं दारं उघडत्यात, मोट फिरती. ह्ये मिशीला पीळ भरत्यात, केसभर म्हनत. ही पुडी फुलीनं धाडलीया तुमाला. म्हनली, आईचं कानामागचं आता भरंल."

सगुणाबाईनं पुडी घेतली. ठकुबाई जवळ येऊन काय आहे ते बघायला लागली, तशी तिनं मूठ मिटली.

"आखितीला धाडते तिला," भामाबाई म्हणाली. "पन लवकर परत धाडा. तिच्याबिगर माझा निभाव लागायचा न्हाई. आन ह्यो सोऱ्या उनात ठिवा. लाकूड वाळलं की गळून पडंल. दट्ट्या म्या गावच्या सुताराकडनं घेईन, फुलीसंगं गाडीत धोतरात बांधून धाडीन, कुनाला दावायची न्हाई."

कुरडया झाल्या त्या तीन घाण्यांच्या. उरलेला हंडाभर चीक निवायच्या आत खायला हवा होता. सगुणाबाईनं गूळ किसला, दूध आणलं, आणि आळीतल्या बायांना अंगणातच वाट्या दिल्या. विहिणीला तिनं सगळ्यांत आधी वाढलं.

गोठ्यातली घरघर थांबली. सोनबा दारात आला. त्याच्या हातात सागवानाचा नवा ठोकळा होता आणि मागं रायबा उभा होता, अंगभर भुसा घेऊन.

"दुसरा दट्ट्या करतोय. इवाई म्हनत्यात, त्येंच्याकडं केसभर मापाचं काम आता कदीच आडकत न्हाई. तुझाच केस बारीक हाय. तरी एक दे. सगुणे, जरा डोकं हिकडं कर."

सगुणाबाईनं डोकं पुढं केलं नाही. तिनंच आपला हात पदराखाली, कानामागं नेला. "आई गं!" ती कळवळून ओरडली, इतक्या जोरात की छपरातली गाय दचकली. मग मूठ उघडून तिनं एक लांब काळा केस नवऱ्याच्या हातावर ठेवला.

सोनबानं तो उजेडात धरला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि मान डोलावली. "आज केस कसा जातिवंत हाय."

"आमच्या मंडळींचाबी आसाच हाय," रायबा अभिमानानं म्हणाला.

भामाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगुणाबाईनं तिच्या वाटीत आणखी चीक वाढला आणि वरून दूध घातलं.